नाटोशी भारताने कामापुरते संबंध जोडावेत का?

दीपस्तंभ (धागाकर्ता)

जुलै २०२५ मध्ये नाटोचे, म्हणजे अमेरिका आणि युरोपातल्या ३२ देशांच्या लष्करी युतीचे, सरचिटणीस मार्क रुट यांनी दिल्लीला दम भरला. रशियाशी व्यापार असाच चालू राहिला तर भारत, चीन आणि ब्राझीलला निर्बंधांची झळ बसेल, असे ते जाहीरपणे बोलले. सप्टेंबरमध्ये त्यांची मजल आणखी पुढे गेली. अमेरिकेच्या आयातशुल्कामुळे मोदींनी पुतिन यांना फोन करून युक्रेनबद्दलचा बेत विचारला, असे त्यांनी सांगून टाकले. परराष्ट्र मंत्रालयाने ते विधान निराधार ठरवले आणि ते योग्यच झाले. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचे एकच मत झाले आहे, की नाटोचे नावच नको. मला हे पटत नाही. का, ते मांडतो.

सदस्यत्वाचा मुद्दा आधीच निकालात काढू. नाटो ज्यावर उभी आहे त्या १९४९ च्या वॉशिंग्टन कराराचे १० वे कलम फक्त युरोपातल्या देशांना बोलावण्याची मुभा देते. म्हणजे आपण अर्ज केला तरी तो बसणार नाही. शिवाय एकावर हल्ला झाला की सगळ्यांनी धावून जायचे, हे ५ वे कलम आपल्याला नकोच आहे. एस्टोनियाच्या सीमेसाठी आपले जवान कशाला? २०२३ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने भारताला ‘नाटो प्लस’मध्ये (नाटोबाहेरच्या मित्रदेशांच्या गटात) घ्यायची शिफारस केली, तेव्हा नाटोचा साचा भारताला लागू पडत नाही असे जयशंकर यांनी सांगितले. इथवर माझेही तेच मत.

माझी मागणी त्याहून खूप लहान आहे. समुद्राखालच्या केबल, सायबर हल्ले आणि व्यापारी जहाजांची सुरक्षा, या तीन कामांपुरता अधिकाऱ्यांच्या पातळीवरचा लेखी आणि कायमचा संपर्क असावा. डिसेंबर २०१९ मध्ये ब्रुसेल्सला दोन्ही बाजूंचे अधिकारी पहिल्यांदा राजकीय चर्चेला बसले होते. तो धागा तिथून पुढे न्यावा.

केबलचेच घ्या. मुंबईत उतरणाऱ्या अनेक केबल तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तमार्गे युरोपात जातात. २०२४ च्या सुरुवातीला येमेनच्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यानंतर भरकटलेल्या ‘रुबीमार’ जहाजाच्या नांगराने तिथल्या केबल तुटल्या असे मानले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ सी-मी-वी ४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन केबल तुटल्या. या दोन्ही मुंबईत येतात, आणि आपल्याकडचे इंटरनेट मंदावले ते त्यामुळेच. बाल्टिक समुद्रात असेच प्रकार वाढल्यावर नाटोने जानेवारी २०२५ मध्ये ‘बाल्टिक सेंट्री’ ही गस्त सुरू केली. ब्रिटनमध्ये नॉर्थवूडला पाण्याखालच्या यंत्रणांसाठी त्यांचे वेगळे केंद्र आहे. संशयित जहाज कसे हेरायचे, नांगर ओढत नेल्याचा पुरावा कसा टिकवायचा, हे ते रोज करत आहेत. हे शिकून घेण्यात आपले कुठले तत्त्व आड येते?

संपर्क ठेवला म्हणजे कुणाच्या दावणीला बांधले गेलो असे होत नाही. ऑस्ट्रिया १९९५ पासून, स्वित्झर्लंड १९९६ पासून आणि आयर्लंड १९९९ पासून नाटोच्या भागीदारी कार्यक्रमात आहेत. तिघांनीही आपली तटस्थता सोडलेली नाही. खुद्द रशियाने १९९७ मध्ये नाटोशी करार केला, २००२ मध्ये संयुक्त परिषद स्थापन झाली, आणि पुढे अफगाणिस्तानातल्या नाटो फौजांचा माल रशियातून रेल्वेने गेला. २०१० मध्ये चीनने बीजिंगला नाटोच्या लष्करी अधिकाऱ्यांशी बोलणी केली. २००५ च्या भूकंपानंतर नाटोची विमाने सुमारे ३,५०० टन मदत घेऊन पाकिस्तानात उतरली. आपले दोन्ही शेजारी या संघटनेशी थेट बोलून आपापली बाजू सांगत आले. भारताची बाजू नाटोने कुणाकडून ऐकली असेल, याचा विचार करा.

विरोधी मत जरूर लिहा. फक्त ‘पाश्चात्त्य आहेत म्हणून नको’ एवढ्यावर थांबू नका.

मांडवीकाठ

१९४९ चा करार तुम्हीच काढलात, म्हणून गोव्यातून लिहितो. त्यावर पहिल्याच दिवशी सह्या करणाऱ्या १२ देशांत सालाझारचा पोर्तुगाल होता. घरी हुकूमशाही आणि बाहेर गोव्यासारख्या वसाहती, तरी लोकशाहीच्या रक्षणाची भाषा करणाऱ्या करारात त्याला मानाने बसवले.

१५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत महाराष्ट्रातून आलेली माणसे होती. चारच महिन्यांत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर संयुक्त निवेदन काढले, त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत म्हणून होता. पुढे १८ डिसेंबर १९६१ ला आपले सैन्य गोव्यात शिरले. त्याच दिवशी भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी सुरक्षा परिषदेत आणला. चौघेही नाटोचे. बाजूने ७ मते पडली, विरोधात ४. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळेच तो ठराव पडला.

जुने झाले, सोडून द्या, असे म्हणाल. मी नाही सोडणार. अशा संघटनेत आतल्या सभासदाची चूक झाकली जाते आणि बाहेरच्याचा न्याय मागे पडतो, हे आम्ही सोसलेले आहे.

दीपस्तंभ

मांडवीकाठ, तुमचा एकही शब्द नाकारत नाही. पण त्याच डिसेंबरात पोर्तुगालसाठी नाटोचे एकही जहाज हलले नाही. ६ व्या कलमाने या कराराची हद्द युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेचा अटलांटिक एवढी आखली आहे. गोवा १५ अक्षांशावर. हाच नियम अमेरिकेच्या हवाई बेटांना लागू आहे, आणि १९८२ मध्ये फॉकलंडसाठी ब्रिटन लढला तेव्हाही ५ वे कलम लागू नव्हते. ठरावाच्या वेळी ते चौघे भारताच्या विरोधात गेले, हे खरे. पण संघटना म्हणून नाटो कागदाबाहेर गेली नाही. मला या काटेकोरपणाचाच उपयोग करून घ्यायचा आहे. तीन कामे लिहायची आणि चौथे येऊ द्यायचे नाही.

पिंपळपार

लिबिया आठवा. मार्च २०११ चा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १९७३ नागरिकांच्या रक्षणापुरता होता. भारत तेव्हा परिषदेवर होता आणि मतदानात तटस्थ राहिला. चीन, रशिया, ब्राझील आणि जर्मनीही तटस्थ राहिले. नाटोने मोहीम हाती घेतली आणि ती गद्दाफींच्या अंतापर्यंत चालली. त्या ठरावातही काम लिहिलेलेच होते. १९९९ मध्ये युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकताना तर ठरावाचीही गरज वाटली नव्हती.

करारवाचक

कागदाची गोष्ट निघालीच आहे तर तो कागद तयार कसा होतो ते पाहू. नाटोत मतदान नसते. प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने होतो आणि बाहेरच्या देशाशी भागीदारी करायची तरी ३२ सदस्य देशांचा होकार लागतो. त्या ३२ मध्ये तुर्कस्तान आहे. माझ्यासाठी हा विषय इथेच संपतो, पण तपशील देतो.

२०१० मध्ये गाझाकडे निघालेल्या तुर्की संघटनेच्या ‘मावी मार्मरा’ जहाजावर इस्रायलने कारवाई केली. त्याचा राग म्हणून तुर्कस्तानने इस्रायलचे नाटोतले सहकार्य वर्षानुवर्षे अडवून धरले. इस्रायलचे कार्यालय ब्रुसेल्सच्या मुख्यालयात उघडले ते २०१६ नंतर. ऑस्ट्रियाने तुर्कस्तानच्या युरोपीय संघातल्या प्रवेशाला विरोध केला, तर २०१७ च्या सुमारास त्याचा सूड म्हणून तुर्कस्तानने नाटोच्या भागीदारी कार्यक्रमांचीच अडवणूक केली. दीपस्तंभ, तुम्ही उदाहरण म्हणून दिलेला हाच तो ऑस्ट्रिया. स्वीडनने मे २०२२ मध्ये अर्ज दिला आणि प्रवेश मिळाला मार्च २०२४ मध्ये. तुर्कस्तान आणि हंगेरीने त्याला ताटकळत ठेवले, आणि दरम्यान स्वीडनला आपले दहशतवादविरोधी कायदे कडक करावे लागले.

आता मे २०२५. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानने एका रात्रीत ३०० ते ४०० ड्रोन सोडले. ते तुर्की बनावटीचे ‘सोंगार’ असल्याचे प्राथमिक तपासात दिसते, असे आपल्या सरकारने पत्रकार परिषदेत सांगितले. आठवडाभरात चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी रद्द झाली. ही कंपनी मुंबई विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्यासारखी जमिनीवरची कामे करत होती. ज्या देशाच्या कंपनीला आपण विमानातल्या सामानाजवळ येऊ देत नाही, त्याच देशाच्या होकाराने आपण केबलच्या संरक्षणाचा कागद करायचा?

जे हवे ते आपल्याला एकेका देशाकडून मिळतेच आहे. माझगाव गोदीत फ्रेंच तंत्रज्ञानाच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधून झाल्या. शेवटची ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ ला नौदलात आली. ब्रिटनबरोबरचा ‘कोकण’ सराव २००४ पासून चालू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यात ‘विक्रांत’ आणि त्यांची ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या दोन विमानवाहू नौका एकत्र होत्या. गुरुग्रामच्या सागरी माहिती केंद्रात फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका आणि इटलीचे संपर्क अधिकारी बसतात. चारही देश नाटोचे आहेत, आणि तिथे अंकाराला, म्हणजे तुर्कस्तानच्या सरकारला, विचारावे लागत नाही.

दर्यावर्दी_गुहागर

मी बोटीवर इंजिनात होतो. चाचेगिरी ऐन भरात असताना एडनच्या आखातातून बऱ्याचदा गेलो आहे. तेव्हा कठड्यावर काटेरी तारांची भेंडोळी बांधायची, दोन्ही बाजूंनी पाण्याचे होस चालू ठेवायचे, आणि चाचे वर चढलेच तर कोंडून घ्यायला आतली एक जागा आधीच ठरवून ठेवायची. पोझिशन यूकेएमटीओला, म्हणजे व्यापारी जहाजांची खबर ठेवणाऱ्या ब्रिटिश केंद्राला, कळवायची. व्हीएचएफ रेडिओवर कधी आपले नौदल बोले, कधी चिनी, कधी नाटोच्या ‘ओशन शील्ड’ या चाचेगिरीविरोधी मोहिमेचे जहाज, कधी युरोपीय संघाचे. हेलिकॉप्टर किती वेळात येणार, एवढाच प्रश्न आमच्या डोक्यात असे.

तेव्हा बहरीनला या सगळ्या नौदलांच्या समन्वयाच्या बैठका होत, त्यांना ‘शेड’ म्हणत. भारत, चीन आणि जपान यांनी आपापल्या काफिल्यांच्या वेळा तिथेच जुळवून घेतल्या. नाटो त्याच बैठकीत बसे. कुणी कुणाच्या हाताखाली गेले नाही आणि करारावर सह्याही झाल्या नाहीत. तेव्हा करारवाचक म्हणतात तसे कागदाशिवाय काम चालते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पण त्याची दुसरी बाजूही आम्हीच पाहिली. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये पळवले गेले. एप्रिल २०११ मध्ये खंडणी घेऊन जहाज सोडले, पण सात भारतीयांना ठेवून घेतले, कारण आपल्या नौदलाने पकडलेले चाचे भारताच्या तुरुंगात होते. ती सात माणसे सुटली ऑक्टोबर २०१४ मध्ये. एवढी वर्षे त्या समुद्रात नाटो होती, युरोपीय संघ होता, अमेरिका होती, आपण होतो. माहिती सगळ्यांकडे होती. त्या सात जणांसाठी बोलायची जबाबदारी कुणाची, हे कुठेच लिहिलेले नव्हते. त्यांच्या घरच्यांनी कुणाचे उंबरे झिजवायचे? म्हणून दीपस्तंभ लेखी हवे म्हणतात ते मला मनापासून पटते. तो कागद नाटोचाच असायला हवा का, ते इथल्या जाणकारांनी सांगावे.

मांडवीकाठ

दर्यावर्दी, तुमच्या लोकांनी सोसले त्याला तोड नाही. पण मार्च २०२४ चे, चाच्यांच्या ताब्यातले ‘रुएन’ जहाजही आठवा. ‘आयएनएस कोलकाता’ने ते गाठले, वायुदलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, ४० तासांत ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुटले. त्यांत बल्गेरियाचे ७ जण होते. बल्गेरिया नाटोचा सभासद, आणि त्याच्या माणसांना सोडवले ते भारताने. अरबी समुद्रात गरज त्यांना आपली आहे. मग दार आपण का ठोठवायचे?

ओझरकर

नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात माझी नोकरी झाली. मिग-२१ इथे बनले, सुखोई-३० इथे बनले. रशियाचा मुद्दा या चर्चेत जवळपास आलाच नाही, म्हणून लिहितो.

स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकड्यांनुसार भारताच्या शस्त्रआयातीत रशियाचा वाटा २०१०-१४ मध्ये ७२ टक्के होता, २०१५-१९ मध्ये ५५ आणि २०२०-२४ मध्ये ३६. हे पाहून रशियाची गरज संपत आली असे वरवर वाटेल. कारखान्यात काम केलेल्या माणसाला तसे वाटत नाही. हे आकडे आयातीचे आहेत, ताफ्याचे नाहीत. अडीचशेहून जास्त सुखोई अजून कित्येक वर्षे उडवायची आहेत. त्यांचे सुटे भाग, इंजिनांची दुरुस्ती, नवे रडार बसवायचे झाले तर लागणारी मूळ कागदपत्रे, या सगळ्यासाठी मॉस्कोशी सलोखा लागतो. मे २०२५ मध्ये ज्या एस-४०० हवाई संरक्षण यंत्रणेने आपले आकाश राखले तीही रशियाचीच.

आणि पश्चिमेकडचा पुरवठा वेळेवर येतो अशा समजुतीत राहू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरलाच तेजस मार्क-१ए ची नवी उत्पादन साखळी सुरू झाली. त्याच्या ९९ अमेरिकी इंजिनांचा करार २०२१ चा, आणि पहिले इंजिन मिळाले मार्च २०२५ मध्ये. विमानांचे सांगाडे तयार आणि इंजिनाचा पत्ता नाही.

भारताची खरी ताकद कशात आहे ते सांगतो. ‘तुशील’ आणि ‘तमाल’ या युद्धनौका रशियात कॅलिनिनग्राडला बांधल्या गेल्या आणि त्यांतली गॅस टर्बाइन युक्रेनची आहेत. दोन देशांत युद्ध पेटलेले असताना दोघांचाही माल एकाच जहाजात बसवून घेणारा देश जगात दुसरा दाखवा. नाटोच्या कागदावर आपली सही दिसली की हे पुन्हा जमणार नाही. कागदावर कामे तीन लिहिली आहेत की तेरा, हे मॉस्को मोजत बसणार नाही.

हेगवासी

ओझरकर काका, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण एका ठिकाणी अडतो. फ्रान्सकडून ३६ राफेल घेतली, नौदलासाठी आणखी २६ चा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. २०१६, २०१८ आणि २०२० मध्ये अमेरिकेशी रसद, संपर्क आणि नकाशांच्या माहितीचे तीन करार झाले. नाटोच्या केबल केंद्राशी पत्रव्यवहार करण्यापेक्षा ही पावले कितीतरी मोठी होती. तरी डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन दिल्लीला आलेच. रशियालाही आपली गरज आहे. ती इतकी कमी का मोजायची?

मी नेदरलँड्समध्ये राहतो. जून २०२५ ची नाटो परिषद आमच्याच शहरात झाली. २०३५ पर्यंत देशाच्या एकूण उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ५ टक्के रक्कम संरक्षणावर आणि त्याला पूरक कामांवर खर्च करायचे तिथे ठरले. इथल्या लोकांच्या बोलण्यात रशियाची भीती आहे, पण अमेरिकेवरचा विश्वासही उडाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ग्रीनलँडसाठी लष्करी बळ वापरणार नाही असे सांगायला नकार दिला. ग्रीनलँड डेन्मार्कचे आणि डेन्मार्क नाटोचा. मार्चमध्ये युक्रेनला मिळणारी गुप्त माहिती अमेरिकेने काही दिवस बंद केली. आपले स्वतःचे काय, असा प्रश्न युरोपाला पहिल्यांदाच इतका उघडपणे पडला आहे. भारताचे म्हणणे ऐकून घ्यायची तयारी इथे एवढी मी पूर्वी पाहिली नव्हती. अशा वेळी आपण रुसून बसायचे का?

करारवाचक

हेगवासी, युरोपाशी बोला हे तुमचे म्हणणे मी डोळे मिटून मान्य करतो. पण युरोपाशी बोलायला नाटो कशाला? युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये भारताबरोबर सुरक्षा आणि संरक्षण भागीदारी करण्याचा प्रस्ताव मांडला. संघाचे नौदल पथक एडनच्या परिसरात आहेच, आणि जून २०२५ मध्ये त्याच्याबरोबर आपल्या नौदलाने सरावही केला. फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स सगळे तिथे आहेत. तुर्कस्तान नाही. दर्यावर्दींना हवा तो लेखी कागद इथे करता येईल, आणि ओझरकरांना वाटते तशी मॉस्कोची नाराजीही कमी राहील, कारण युरोपीय संघाच्या सहीला नाटोचा वास येत नाही.

दीपस्तंभ

हा रस्ता चांगला आहे, आधी त्यानेच जावे. पण तो माझी गरज पूर्ण भागवत नाही. ‘बाल्टिक सेंट्री’ नाटोची आहे, नॉर्थवूडचे केंद्र नाटोचे आहे, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलेला आहे. समुद्रावर जहाजे आणि तळ कुणाच्या आदेशाखाली चालतात ते पाहिले तर तिथले मोठे काम नाटोच्या छत्राखाली होते. संघाशी करार करून आपल्याला धोरण मिळेल. रात्री दोन वाजता कोणते जहाज नांगर ओढत चालले आहे, हे सांगणारा माणूस दुसरीकडे बसलेला आहे.

मांडवीकाठ

मग सरळ विचारतो. होकाराच्या बदल्यात तुर्कस्तानने काश्मीरबद्दल एक ओळ घालायला लावली, तर तुम्ही काय कराल?

दीपस्तंभ

त्याच क्षणी बोलणी बंद, आणि कारण जाहीर करून बंद. स्वीडनला अटी गिळाव्या लागल्या, कारण त्याला ५ वे कलम हवे होते, त्याचा जीव त्यात अडकला होता. आपल्याला त्यातले काहीच नको आहे, म्हणून आपण कधीही उठून येऊ शकतो.

करारवाचक

उठून येता येईल, मान्य. पण आपण उठेपर्यंत अंकाराने तो विषय ३२ देशांपुढे ठेवलेला असेल, आणि आपण उठल्यावरही तो तिथेच राहील. आज काश्मीर हा नाटोच्या टेबलावरचा विषय नाही. नॉर्थवूडकडून मिळणाऱ्या माहितीसाठी ते टेबल मी उघडून देणार नाही. ती माहिती ब्रिटनकडून मागून घ्या. ‘कोकण’ सरावात त्यांच्या विमानवाहू नौकेशेजारी आपली उभी राहते, तर एवढे मागायचा हक्क आपला आहेच.